शांताबाई आणि माझी धाकटी बहीण

बँकेतील नोकरीची बरीच वर्षे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत गेली. कवयित्री शांता शेळके यांचे बालपण अगदी या तालुक्यांच्या शेजारचे. दौंडला लागून असलेल्या इंदापुरात १२ ऑक्टोबर १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. खेड, मंचर ही गावे शिरूरच्या पश्चिमेस. पुढे पुण्याची हुजूरपागा, स. प. महाविद्यालय, आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग'मधील उमेदवारी आणि नागपूर-मुंबईतील प्राध्यापकी.

घोडनदीत आमचे कापडाचे दुकान होते. दुकानातील रेडिओवर लावणी लागली की वडील तत्काळ बटण फिरवीत. अपवाद एकच, 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) या चित्रपटातील कर्नाटकी कशिद्याची लावणी. "हे गाणे नव्हे, मालाचे वर्णन आहे," असे ते गंभीरपणे म्हणत. शब्द शांताबाईंचे, आणि 'आनंदघन' या नावामागे संगीतकार म्हणून लता मंगेशकर आहेत, हे आम्हांस फार उशिरा कळले.

चालीवर आणि मागणीनुसार शब्द लिहिणे पुष्कळांना हलके वाटते. मला तसे वाटत नाही. गिऱ्हाइकाच्या मापाने कापड फाडणारा दुकानदार कापडाची प्रत काही कमी करीत नाही. कोळीगीत, लावणी, 'हे बंध रेशमाचे' या नाटकाची पदे आणि 'मेघदूता'चा अनुवाद हे सारे एकाच लेखणीतून उतरले. १९९६ साली आळंदीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या तिसऱ्या महिला.

माझी धाकटी बहीण जुन्या खतावणीच्या कोऱ्या पानांवर कविता लिहीत असे. मी तेव्हा बी.कॉम.ला होतो. एके दिवशी ती खतावणी मी मित्रांसमोर मोठ्याने वाचली आणि आम्ही पोट धरून हसलो. ती दारात उभी होती. काही बोलली नाही. यथावकाश तिचे लग्न होऊन ती दौंडला गेली. खतावणीचे काय झाले, हे मी कधी विचारले नाही.

शांताबाईंच्या जन्मशताब्दीच्या वर्षी तिने पुण्याहून 'धूळपाटी' मागविली. पुस्तक घेऊन गेलो तेव्हा बोलण्याच्या ओघात मी सांगितले की, शांताबाईंनी काही चित्रपटगीते 'डॉ. वसंत अवसरे' या पुरुषी नावाने लिहिली होती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भाऊ, त्यांनी नाव बदलले, पण लिहिणे सोडले नाही. मी मात्र लिहिणेच सोडले."

दर संवत्सरीला मी तिला 'मिच्छामि दुक्कडं' म्हणत आलो होतो. आधी समक्ष, मग पोस्टकार्डावर, अलीकडे मोबाईलवर. त्या खतावणीचा उल्लेख मात्र त्यात कधीच नव्हता. त्या दिवशी तो केला. भाद्रपद नव्हता, पण पुढील संवत्सरीपर्यंत थांबण्याचे धैर्य माझ्यात उरले नव्हते.

"किती जुनी गोष्ट ती!" म्हणत ती चहा ठेवायला उठली. स्वयंपाकघरातूनच तिने चार ओळी म्हटल्या. वडिलांच्या दुकानातील लोखंडी गजावर होत्या. त्याच ओळींवर आम्ही हसलो होतो.