सड्यावरचा हक्क

राजापूरच्या सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या पठारावर, भरदुपारी काही दिसत नाही. तापलेला काळा कातळ, वाळून पिवळं पडलेलं गवत आणि लांबवर एखादी चिरेखाण. उन्हं कलली की कातळात खोदलेल्या रेषांच्या कडा सावली धरतात आणि पायाखाली माशाचं शेपूट उमटतं. बोटभर खोल चर, आत पावसाने आणून टाकलेली माती. सोबतच्या गुराख्याने खराट्याचे चार हात मारले आणि कल्ले दिसले. हे कुणी खोदलं, हे त्याला ठाऊक नाही, मलाही नाही. पण गुरं या चरांमध्ये साचलेलं पाणी पितात, हे मात्र त्यालाच ठाऊक.

अशी चित्रं कोकणात आणखीही आहेत: काशेळीचा हत्ती, बारसूचा दोन वाघांमधला माणूस, देवीहसोळ, कुडोपी. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. गोव्यातलं पणसायमळही त्याच यादीत आहे. कुशावतीच्या काठावरची ती चित्रं १९९३ साली अभ्यासकांना दाखवली ती तिथल्या गावकऱ्यांनीच.

घटनेच्या २९व्या कलमाने आपली संस्कृती जपण्याचा हक्क दिला, ५१क ने वारसा जतन करण्याचं कर्तव्य सांगितलं. सड्यावर मात्र तिसरंच कागदपत्र बोलतं: सातबारा. जमीन बहुतेक खाजगी, उताऱ्यावर ढीगभर नावं, त्यातली कितीतरी मुंबईत. चिरा विकला तर पैसा येतो, चित्र राखलं तर काय? केंद्राचं संरक्षण लागलं की शंभर मीटरांत बांधकाम बंद, पुढच्या दोनशे मीटरांत परवानग्या. गावकरी बिचकतो त्याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. त्याला न विचारता त्याच्या जमिनीचा वारसा झालेला असतो.

२०२३ साली बारसूला रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा बायामाणसं एप्रिलच्या उन्हात सड्यावर ठाण मांडून बसली. भांडण आंब्याचं, पाण्याचं, जमिनीचं होतं. चित्रं त्या भांडणात ओघानेच आली. मला तेच रास्त वाटतं. जिथे पाणी आपलं, तिथे चित्रही आपलं.

उद्या इथे कुंपण येईल, फलक येईल, कदाचित तिकीटही. गुराख्याला मी तसं सांगितलं. खराटा झटकत तो म्हणाला, "घाला की कुंपण. पण आखायच्या आधी गावात एक बैठक लावा. गुरांची वाट कुठून जाते ते मी दाखवतो."