चार घरांचं पॅड

टिटवाळ्याहून सुटणाऱ्या लोकलला खिडकी मिळाली की मी पिशवीतून आधी पॅड काढते, मग चष्मा. परीक्षेचं साधं पॅड. तपकिरी हार्डबोर्ड, पुढून गुळगुळीत, मागे जाळीदार, आणि वर तो चिमटा. मुलाच्या दहावीला घेतलेलं. डाव्या कोपऱ्यात त्याने करकटकाने आपलं नाव कोरायला घेतलं होतं; दोन अक्षरं झाली आणि बहुधा प्रश्नपत्रिका आली. मुलगा पास होऊन पुण्याला गेला, पॅड मागे राहिलं.

तेव्हापासून ते चार घरी कामाला जातं. एका पुरवणीत गच्चीतल्या बागेचं सदर, दर आठवड्याला. एका मासिकात पाककृती, टोपणनावाने. मुलांच्या अंकाला महिन्याला एक गोष्ट. आणि एका पतपेढीच्या अहवालात अध्यक्षांचं मनोगत, जे अध्यक्षांनी लिहिलेलं असतं असं सगळे मानतात. चारही घरांची पानं याच चिमट्यात. मधे पडदा म्हणून कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे तुकडे. ज्याची तारीख जवळ, ते वर.

चिमट्याचा स्वभाव तापट आहे. चाळीसेक पानं झाली की तो दात विचकतो आणि मधलंच एखादं पान हळूच सोडून देतो. वरचं नाही, खालचंही नाही, मधलं. माझा अंगठा त्याने किती वेळा चावला असेल याचा हिशेब नाही. बाकी अंग मात्र गरीब. पावसात स्टेशनातून रिक्षा स्टँडपर्यंत डोक्यावर धरलं तर तक्रार करत नाही, फक्त कोपरे फुगतात आणि आठवडाभर फुगलेलेच राहतात. अंगारकीला मी त्याला घरीच ठेवते. त्या दिवशी गाडीत दूर्वा, जास्वंद, नारळ आणि माणसं एवढी असतात की पॅडला उभं राहायलाही जागा नसते.

लोक विचारतात, एवढ्या ठिकाणी लिहायला वेळ कसा पुरतो? वेळ पुरतो. सीएसएमटीपर्यंत चौसष्ट किलोमीटर, दीड तासाच्या आसपास. शहाड येईपर्यंत मांडी सुटी असते. कल्याणला गर्दी आत घुसली की समोरच्या बाईची पर्स पॅडवर टेकते, तरी तिच्याखालून ओळी सरकत राहतात. अडचण वेळेची नाहीच. अडचण हाताची आहे.

आमच्या इमारतीत पोळ्यांना येणाऱ्या मावशी चार घरं करतात. एका घरी घडीच्या, दुसरीकडे फुलके, तिसरीकडे तेलाचा थेंब चालत नाही, चौथीकडे आजोबांना दात नाहीत म्हणून मऊसूत. त्यांनी हे कुठे लिहून ठेवलेलं मी पाहिलं नाही. एका घरून निघताना हात धुतात, त्यात ते घर धुतलं जातं. मला तसे हात धुता येत नाहीत. मुलांच्या गोष्टीतली चिमणी उठते आणि भागधारकांचे आभार मानू लागते. पाककृतीतली ‘आता घ्या’, ‘आता घाला’ ही हुकमी भाषा कुंड्यांपर्यंत पोचते. पॅड पानं धरून ठेवतं. आवाज धरून ठेवणं त्याच्या चिमट्याला जमत नाही.

राम गणेश गडकऱ्यांनी हे काम नावांवर सोपवलं होतं: कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम, नाटकाला स्वतः. 1919 साली, चौतिसावं वर्ष पुरं व्हायच्या आत ते गेले, पण तिघांपैकी एकही दुसऱ्याच्या घरी चुकून जेवायला बसला नाही. अनंत अंतरकरांनी तर 1946 साली ‘हंस’ काढलं आणि पुढे त्याच्या जोडीला ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ चालवलं. तिघांच्या तब्येती वेगळ्या: एकाला कथा, एकीला विनोद, एकाला अद्भुत आणि रहस्य. संपादक एकच. त्यांच्या टेबलावर कसला चिमटा होता कोण जाणे! बाळशास्त्री जांभेकरांचं बरं होतं असं मला उगाच वाटतं. 1832 च्या ‘दर्पण’मध्ये एका रकान्यात मराठी, शेजारच्या रकान्यात इंग्रजी. चुकून सांडलं असतं तरी डोळ्यांना लगेच दिसलं असतं.

माझं सांडलेलं दिसलं नाही. त्या आठवड्यात बागेच्या सदरात कढीपत्ता होता. कुंडीतला कढीपत्ता खुरटला असेल तर आंबट ताक पाणी घालून पातळ करावं आणि मुळाशी ओतावं, असं पहिल्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं. पाककृतीच्या घरी त्याच दिवशी कढी होती. मी लोकलमधूनच पानांचे फोटो काढून पाठवते, तिकडे ते टाइप होतात. मुंब्र्याच्या बोगद्यात चिमट्याने दात विचकले असावेत. रविवारी पुरवणी उघडली. ताक पातळ करून मुळाशी ओतायचं इथपर्यंत ठीक होतं. पुढची ओळ होती: ‘मंद आचेवर सतत ढवळत राहा, उकळी फुटू देऊ नका, नाहीतर फुटेल.’

सांधा इतका बेमालूम बसला होता की टाइप करणाऱ्याला, तपासणाऱ्याला, कोणालाच शंका आली नाही. ताक दोन्हीकडे, कढीपत्ता दोन्हीकडे. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर आधी थोडा अभिमानच वाटला. मग मुलाचा फोन आला. “आई, कुंडी गॅसवर ठेवायची की इंडक्शनवर?”

पुढच्या खेपेला तो नवं पॅड घेऊन आला. पारदर्शक प्लास्टिकचं, चिमटा रबरी टोकांचा, अंगठा चावत नाही. त्यावर मी दोन दिवस लिहिलं. गाडी हलली की कागद घसरतो, आणि खालची मांडी दिसत राहते. आता त्यावर दूधवाल्याचा हिशेब असतो.

जुन्याला चारांशिवाय पाचवंही एक घर आहे, ते मी कुठे सांगत नाही. संध्याकाळच्या परतीच्या गाडीत दादरला चढणाऱ्या एक ताई रोज भाजी निवडतात. “जरा द्या हो पॅड,” म्हणून हात पुढे करतात. मी चारही घरांची पानं काढून मांडीवर घेते आणि त्यावर पर्स ठेवते. ठाण्यापर्यंत मेथी निवडून होते. डोंबिवलीला देठांची पुरचुंडी बांधली जाते, आणि कल्याणला उतरताना ताई पदराने पॅड पुसून परत करतात.

परवा गुळगुळीत बाजू त्यांनी नीट पुसली, पण चिमट्यात एक पान अडकून राहिलं. शहाड गेलं. कढीपत्त्याच्या दुरुस्तीच्या चार ओळी मला त्या रात्री पाठवायच्या होत्या. कागद लावला, लिहिल्या, फोटो काढला, पाठवला. आंबिवलीला पुरवणीतून निरोप आला: मजकूर मिळाला. सोबत चित्र जोडलंय ते मेथीचं दिसतंय. ठेवायचं का?