आसाची चीर

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात भेगांचं कुणाला नवल वाटत नाही. वैशाखात काळी जमीन अशी फाटते, की लहान मुलाचा हात कोपरापर्यंत आत जावा. पण मी सांगणार आहे ती भेग केसाएवढी बारीक होती. आणि ती मी लपवली होती.

तेव्हा मी सहावीत होतो. आमचं गाव दारव्ह्याजवळ. घरचा कापूस बंडीत भरून बाजारात न्यायचा होता आणि यंदा बाबा मलाही सोबत नेणार होते. (बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी, बरं का!) आदल्या संध्याकाळी आसाला वंगण लावायचं काम माझ्याकडे आलं. चिंधीनं जुना काळा थर पुसला, तर आसावर एक रेघ दिसली. नख फिरवलं. नख अडकलं.

मी काय केलं असेल? त्या रेघेवर भरपूर वंगण थापलं आणि गप्प बसलो. सांगितलं तर बंडी जाणार नाही. बंडी नाही तर बाजार नाही, जिलेबी नाही!

रात्री झोप येईना. बंडीवर बाबा बसणार, मी बसणार, धाकटी बहीणही हट्टानं येणार होती. वाटेत नाल्याचा मोठा उतार होता. पहाटे बैल जुंपायच्या आत मी बाबांजवळ गेलो.

"बाबा, आसाले चीर गेली हाय. मले कालच दिसली होती."

आता पाठीत धपाटा बसणार असं वाटलं. पण "मंग कालच काहून नाही सांगितलं?" एवढंच ते म्हणाले आणि मला लोहारकाकांकडे पिटाळलं.

काकांनी आस स्वच्छ पुसला, त्यावर रॉकेल ओतलं, थोड्या वेळानं कोरडा करून खडूची पूड चोळली. मग हातोडीचे हलके ठोके दिले. पांढऱ्या पुडीवर हळूहळू एक ओली रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर आलं होतं!

"चालंल का?" बाबांनी विचारलं.

काका हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. उलट त्यांनीच विचारलं, "भाऊ, ओझं किती हाय? जायचं किती दूर? अन् पुन्हा पाहाल कधी?" मग दोऱ्यानं चिरेची लांबी मोजली, दोऱ्याला गाठ मारली आणि तो माझ्या हातात दिला. "अर्धाच कापूस न्या. पोरं बसवू नका. वापस आल्यावर मले दाखवा."

संध्याकाळी बंडी परतली. दोरा लावून पाहिला, तर बोटभर अपुरा पडला. चीर वाढली होती. दुसऱ्या दिवशी आस बदलला. बाबांनी जिलेबी मात्र न विसरता आणली होती.

पुढे मी पोलादी नळांचे वेल्डिंगचे जोड तपासण्याचं काम शिकलो, तेव्हा लोहारकाका पदोपदी आठवले. तुम्ही तारापूरचं नाव ऐकलं असेल. आपल्या महाराष्ट्रातलं हे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या. अशा भट्टीत पाणी सुमारे २८५ अंश तापतं आणि हवेच्या सत्तरपट दाबाखाली नळांतून फिरतं.

हे नळ न गंजणाऱ्या पोलादाचे. मग त्यांना चीर का जाते? पोलादाला गंजापासून वाचवतं ते त्यातलं क्रोमियम. वेल्डिंगच्या आचेनं जोडालगतचं क्रोमियम कार्बनशी संयोग पावून पोलादाच्या कणांच्या कडेला गोळा होतं आणि तिथला शेजारचा भाग दुबळा पडतो. त्यात वेल्डिंगमुळे उरलेला ताण आणि पाण्यातला प्राणवायू! तिघं एकत्र आले, की कणांच्या मधून चीर सरकू लागते. १९७४ साली अमेरिकेतल्या ड्रेस्डेन केंद्रात अशा चिरा सापडल्या आणि जगभरचे तज्ज्ञ जागे झाले.

आता प्रश्न तोच, बाबांचा. चालेल का?

तपासनीस नळावर एक छोटं यंत्र फिरवतो. त्यातून आपल्या कानांना न ऐकू येणारा आवाज पोलादात शिरतो आणि चिरेवर आपटून परत येतो. त्यावरून चिरेची लांबी आणि खोली कळते. मग हिशेब मांडायचा. आज चीर केवढी? ताण किती? पुढच्या तपासणीपर्यंत ती किती वाढेल? आणि केवढी झाली तर नळ फुटेल? वाढूनही ती धोक्याच्या मापाच्या बरीच आत राहणार असेल, तरच पुढच्या तपासणीपर्यंत परवानगी. पण चीर नळाच्या जाडीच्या ७५ टक्क्यांहून खोल गेली, की नियम हिशेब ऐकून घेत नाही. जोडावर बाहेरून वेल्डिंगचे जाड थर चढवायचे किंवा नळच बदलायचा. तारापूरच्या त्या दोन भट्ट्या २०२० साली थांबवण्यात आल्या आणि पाणी फिरवणारे नळ काढून अधिक गंजरोधक पोलादाचे नळ बसवण्याचं काम हाती घेतलं गेलं.

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट कुठल्याच यंत्राला करता येत नाही. जे दिसलं, ते खरं सांगणं. मापलेली चीर सांभाळता येते. वंगणाखाली झाकलेलीचा हिशेब कोण मांडणार?

तो दोरा अजून माझ्याकडे आहे. आज सुट्टी असेल, तर तुमची सायकल पुसायला घ्या आणि सांगाड्याच्या जोडांवरून एकदा नख फिरवून पाहा. अडकलं, तर उद्यापर्यंत थांबू नका हं!