पहिल्या धारेचा वारसा

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात डॉसनव्हिल नावाचे छोटे गाव आहे. दर ऑक्टोबरात तेथे चोरट्या दारूचा उत्सव भरतो. पोलिसांना चुकवून डोंगरांतून दारू वाहून नेणाऱ्या जुन्या फोर्ड गाड्या दिमाखात मिरवतात. त्या चालकांतूनच पुढे नामवंत शर्यतपटू निपजले. हे वाचले आणि महाड-पोलादपूरच्या डोंगरांत राहणाऱ्या आम्हांला आपल्याकडची हातभट्टी आठवली.

वीरेश्वराच्या छबिन्याला पंचक्रोशीतल्या पालख्या येतात. त्या गर्दीत सर्वांना जागा असते, भट्टीच्या कसबाला मात्र नाही. १८९२च्या कायद्याने ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात मोहाच्या फुलांवर निर्बंध आले. महाड त्याच कुलाब्यात होते. पुढे १९४९चा दारूबंदी कायदा आला. येथून कशेडी घाट ओलांडून महामार्गाने गोव्यात उतरावे, तर तेथे काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले. रस्ता एकच, एका टोकाला वारसा, दुसऱ्या टोकाला मुद्देमाल!

शर्यतींचेच पाहा. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली, २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना सशर्त परवानगी दिली आणि २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. काल गुन्हा होता, आज परंपरा आहे. बैलवाल्यांच्या पाठीशी संघटना होत्या, वकील होते. मोह वेचणारीच्या पाठीशी कोण होते?

भाषा मात्र कायद्याहून उदार निघाली. भट्टीतून प्रथम उतरणाऱ्या कडक दारूचा शब्द तिने उचलला आणि आम्ही समीक्षक एखाद्या कवीला ‘पहिल्या धारेचा’ म्हणू लागलो. वर्गात हा शब्द आला की मुले हसतात. एखादा मागच्या बाकावरचा हसत नाही. त्याला ती धार घरातून ठाऊक असते.

म्हणूनच महाडला असा उत्सव भरावा, असे आम्हांला वाटत नाही. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. दारूने उठवलेले संसार आमच्या विद्यार्थ्यांचेही आहेत. जोखीम भूतकाळात जमा झाल्यावरच तिचा उत्सव करता येतो; डॉसनव्हिलला ते साधले. आपल्याकडे ती अजून चालू वर्तमानकाळात आहे. वारसा म्हणजे काय, हे शिकवताना तो कोणाला परवडतो, हेही आता आम्हांला शिकवावे लागेल.