डमी प्लास्टिकात, पेशंट खाटेवर

परवा एका नर्सिंग कॉलेजच्या कार्यक्रमाला गेलो होतो. (कुठलं ते विचारू नका, सांगणार नाही.) भाषणं उरकल्यावर लॅब दाखवली. खाटेवर माणसाएवढी डमी, अंगावर अजून प्लास्टिक. सोबतच्या मुलीला विचारलं, "यावर किती वेळा हात चालवलास?" ती हसली. "सर, इन्स्पेक्शन आलं की काढतात."

मला वडील आठवले. काही वर्षांपूर्वी त्यांना सरकारी दवाखान्यात ठेवलं होतं. सलाईन लावायला शिकाऊ पोरगी आली. हात थरथरत होता. एकदा शीर चुकली, दुसऱ्यांदाही चुकली. मी आवाज चढवला तर वडीलच माझ्यावर डाफरले, "तिच्यावर कशाला वरडतोस? घाल बाळ, घाबरू नगंस." तिसऱ्यांदा सुई बसली. पोरीच्या डोळ्यांत पाणी. वडिलांचा हात चार दिवस काळानिळा.

तेव्हा राग त्या पोरीचा आला होता. आता वाटतं, तिनं आधी रबरी हातावर पन्नास वेळा चुकायला हवं होतं. ती संधी तिला कुणी दिली नाही. आणि चुकायला मिळणारा हात कायम जनरल वॉर्डातल्या माणसाचाच का? स्पेशल रूममध्ये शिकाऊ पोरीला कोण पाठवतं?

आपल्याकडं खासबागेत उतरण्याआधी पैलवान वर्षानुवर्षं तालमीत घाम गाळतो. सिम्युलेशन म्हणजे तीच तालीम. हे खूळ नवंही नाही. 1911 साली अमेरिकेत हार्टफर्डच्या रुग्णालयात नर्सेसच्या शिक्षणासाठी माणसाएवढी बाहुली आली, 'मिसेस चेस' नावाची. बनवणारी मार्था चेस मुळात खेळण्यातल्या बाहुल्या करायची! आपल्या भारतीय परिचर्या परिषदेनं 2021 च्या सुधारित बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रमात सिम्युलेशन घातलंय. म्हणजे कागदावर सगळं आहे.

काही गोष्टी तर डमीशिवाय शिकताच येत नाहीत. हृदय बंद पडलं तर छाती निदान पाच सेंटिमीटर खाली दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा. धडधाकट माणसावर हे कसं शिकणार? आणि खरा प्रसंग आला तेव्हा तो शिकायचा वेळ नसतो.

लाखांची मशीनच लागतात असंही नाही. 'मामा नॅटली' म्हणून एक साधन आहे. बाळंतिणीचं सोंग घेणारी बाई ते पोटावर बांधते, वेदनेनं ओरडते, रक्तस्राव कमी-जास्त करते. विद्यार्थिनीनं ओळखायचं आणि सावरायचं. नंतर सगळ्यांनी बसून कुठं चुकलं ते बोलायचं. खरं शिक्षण त्या बोलण्यातच होतं, पण त्यासाठी वेळ असलेल्या शिक्षिका हव्यात. डमीचं बिल निघतं, शिक्षिकेची जागा भरत नाही.

वॉर्ड मात्र सुटत नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात क्लिनिकलचे निम्मे तास सिम्युलेशननं भरूनही विद्यार्थी मागे पडले नाहीत, पण निम्मेच. वेदनेनं वैतागलेला आजोबा शिव्या घालतो तेव्हा काय करायचं, हे डमी शिकवत नाही.

माझ्या पुतणीला यंदा नर्सिंगला घालायचंय. फी आणि होस्टेल विचारून झालं. आता कॉलेजात जाऊन म्हणणार आहे, लॅब उघडून दाखवा. तुमच्याही घरात कुणाचं ॲडमिशन असेल तर जाऊन बघा, डमीवरचं प्लास्टिक निघालंय का. आणि काय दिसलं ते खाली लिहा.