बरं वाटतं म्हणून गोळी बंद

नर्सिंगला गेलेल्या आपल्या मुलींसाठी हे लिहीत आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही वाचावे.

आमच्या जळगावच्या विहारात पौर्णिमेला वंदना झाली की रक्तदाब तपासणी असते. धुळे-जळगावला शिकणाऱ्या मुली हाताला पट्टा बांधतात. कारकुनीची सवय म्हणून रजिस्टर माझ्याकडे. नाव, वय, वरचा आकडा, खालचा आकडा आणि शेवटचा रकाना, गोळी चालू आहे का? त्या रकान्यात पानोपान एकच उत्तर आहे, ‘बरं वाटतं म्हणून बंद केली.’ एक आजी तर मुलीलाच विचारत होती, “माले काहीच व्हत नही, मंग गोई कसाले खाऊ?”

आजीचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नर्सला देता आले पाहिजे. हृदय म्हणजे मुठीएवढा पंप. दिवसाला सुमारे एक लाख वेळा चालतो. तो आकुंचन पावतो तेव्हा रक्तवाहिनीवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा, सैल होतो तेव्हाचा खालचा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर तो उच्च रक्तदाब. एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाचा स्नायू जाड होतो, पुढे थकतो. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खराब होते, तिथे चरबी साचते. हृदयाची वाहिनी बंद पडली तर झटका, मेंदूची पडली तर लकवा. किडनीही जाते. आणि हे सारे बहुधा काही न दुखता चालते. गोळीने दाब काबूत असतो म्हणूनच बरे वाटते, हे आजीला सांगायचे.

बाबासाहेबांनाही मधुमेह आणि रक्तदाबाचा त्रास होता. १९४८ पासून माईसाहेब, ज्या स्वतः डॉक्टर होत्या, त्यांच्या पथ्यपाण्याकडे पाहत. पण आजच्यासारखी रोज एक घेऊन भागणारी गोळी तेव्हा कुठे होती? मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांचा सर्पगंधेवरचा निबंध १९४९ चा. लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी क्लोरोथायझाइड बाजारात आली १९५८ साली. महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. आज या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि आपण त्या डब्यात ठेवून देतो!

आमच्या वस्तीतल्या एका हमाल बांधवाने चार महिने गोळी सोडली होती. एके सकाळी तोंड वाकडे झाले, उजवा हात पडला. नातेवाइकांनी कबुतराचे रक्त चोळायला नेले. दीक्षा घेतलेल्या घरातली ही गोष्ट! गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लकव्याची सुरुवात झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ कबुतरात गेली. तो आज खाटेवर आहे आणि बायको धुणीभांडी करते.

मुलींनो, मोजणीत घाई नको. माणूस पाच मिनिटे पाठ टेकून बसलेला, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. त्याआधी अर्धा तास चहा-बिडी नको, मोजताना गप्पा नकोत. पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटाच वाढतो. आणि आकडा जास्त आला म्हणून माणसावर ओरडू नका, ओरडलेला माणूस पुन्हा येत नाही.

भरीत-भाकरी सोडा, असे कुणालाच सांगू नये. पापड, लोणचे, शेव आणि वरून घेतलेले मीठ यांचे सांगावे. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर. मिसरी आणि बिडीचे मात्र स्पष्ट सांगावे, ती बंदच.

बायांचे एक वेगळे लक्षात ठेवा. झटका आला तरी बाईच्या छातीत दुखेलच असे नाही. दम लागतो, घाम सुटतो, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळते. घरचे म्हणतात, पित्त झाले. साखर असलेल्यांचेही असेच होते. अशा वेळी मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये, १०८ ला फोन करावा. दवाखान्यात पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. ड्यूटीवर तुम्ही असाल तर तो मागून घ्या.