धरायला काही

आमची ट्रॉली दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद. वर्षभर ती कापूस वाहते, मका वाहते, शेणखत, मुरूम, कुणाच्या लग्नाच्या मांडवाचे बांबू. एकदा तर तिने गावातली अडलेली म्हैस भोकरदनच्या डॉक्टरकडे नेली होती. ज्येष्ठ उतरणीला लागला की नाना, म्हणजे माझे थोरले चुलते, तिला धुवायला काढतात. पूर्णेला पाणी असलं तर केदारखेड्याच्या पुलाखाली, नसलं तर बोअरवर. दोनदा खराट्याने, एकदा साबणाच्या पावडरीने, आणि शेवटी हळदीच्या पाण्याचा शिडकावा. शेणखताचा वास तरीही पुरता जात नाही. कोपऱ्यांत दडून बसतो आणि वाटेत पहिली सर आली की हळूच डोकं काढतो. मग आत बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून म्हणतात, ‘‘रान आलं बाई संगं.’’

तिथून पुढचे वीसेक दिवस ट्रॉली म्हणजे आमचं बिऱ्हाड. पहिला मुक्काम राजूरला, गणपतीच्या टेकडीच्या पायथ्याशी. मग जालना, अंबड, शहागडला गोदावरी ओलांडून गेवराई, बीड, चौसाळा, भूम, माढा करत पंढरपूर. सगळी मिळून तीनशे किलोमीटरच्या आसपास चाल. दिंडी चालते पायीच. ट्रॉलीत असतं ते पीठ, डाळ, गॅसची टाकी, वळकट्या, भगुणी, आणि ज्यांचे पाय मधेच संपावर जातात अशी पाच-सहा माणसं. मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्याने मनाई आहे आणि ती रास्तच आहे, हे मला कळतं. नानांनाही कळतं. म्हणून ते ट्रॅक्टर पायी चालणाराच्या वेगाने हाकतात, रात्री चाक हलवत नाहीत, आणि फाळक्याला लाल रेडियमच्या पट्ट्या इतक्या चिकटवून ठेवतात की मागून येणाऱ्याला वाटावं, पुढे दिवाळीच चालली आहे.

सुरुवातीला हे काहीच नव्हतं. नुसता पत्रा, त्यावर कडब्याच्या पेंढ्या, बांबू वाकवून केलेल्या कमानी आणि वर ताडपत्री. पावसात त्या ताडपत्रीला दोन कमानींच्या मधे पोट सुटायचं. आतून कुणीतरी उत्साहाने काठीने ढोसायचं आणि बादलीभर पाणी नेमकं पिठाच्या पोत्यावर. तीन वाऱ्या आम्ही तसंच ढोसत राहिलो. चौथ्या वारीत आमच्या गल्लीतला एक गवंडी पाय मुरगळून ट्रॉलीत बसला होता. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, ‘‘घराला आढं असतं, ह्याला कुठंय?’’ कमानींच्या वरून मधोमध एक लांब पाईप बांधला, त्यावरून ताडपत्री दोन्ही अंगांना ताणून घेतली. पाणी घसरून जायला लागलं. इतकं सोपं होतं ते. पण तोवर ट्रॉलीत आडवं पडून वर बघत राहण्याची पाळी अशा माणसावर आलीच नव्हती, ज्याला घराची पाठ कशी असते ते ठाऊक आहे.

ट्रॉलीच्या सगळ्या सोयी अशाच आल्या. कुणाचं तरी अंग दुखल्यावर.

हादऱ्यांचंच घ्या. ट्रॉलीचे पाटे टनावारी मालासाठी केलेले असतात. भरलेली ट्रॉली म्हशीसारखी संथ चालते. रिकामी मात्र प्रत्येक खड्ड्यावर उडते. पाच म्हाताऱ्या आणि चार पोती हे तिच्या हिशेबी रिकामंच. आजी म्हणायची, ‘‘सुपात घालून पाखडतोय नुसतं.’’ नानांनी टायरमधली हवा थोडी कमी केली. वेग बेताचाच असल्यामुळे ते चाललं. एरवी ओझ्याच्या ट्रॉलीला हे करू नये. मग गव्हाची जास्तीची पोती पसरून टाकली आणि त्यावर वाकळा. जिथे चाक नेमकं खाली येतं तिथे माणूस बसवायचं नाही, सामान ठेवायचं, हेही तेव्हाच ठरलं.

सामान कुठे ठेवायचं याचं ज्ञान मात्र नानांना ट्रॅक्टरने दिलेलं नाही, बैलगाडीने दिलेलं आहे. गाडीत ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलांचे गळे आवळतात. पुढे फार झालं तर धुरजड, मग बैलांचे खांदे सोलतात. दोन चाकांच्या ट्रॉलीचं तेच. आखाच्या जरा पुढे वजन हवं म्हणजे हुकावर हलका दाब राहतो आणि मागचं धूड साप वळवळल्यासारखं वळवळत नाही. मोटारीमागे फिरतं घर जोडून देशोदेशी हिंडणारे लोकही एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त हुकावर ठेवावा म्हणतात, असं मी वाचलं आणि नानांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘त्यांच्याकडं बैल हायेत का?’’

पाण्याचा ड्रम दोनशे लिटरचा. म्हणजे दोन क्विंटल वजन. तो पुढे, मधोमध. पण अर्धा झाला की पाणी हिंदकळायचं आणि वळणावर सगळी ट्रॉली एका अंगाला ओढ घ्यायची. शेवटी ड्रम काढून वीस-वीस लिटरचे दहा कॅन आले. एकालाच तोटी बसवली. रिकामे होतील तसे मागे सरकवायचे. साबण कांद्याच्या जाळीदार पिशवीत घालून तोटीशेजारी टांगलेला, म्हणजे तो ना विरघळतो ना चाकाखाली जातो. ही युक्ती आमच्या आत्याची. तिच्या अनेक युक्त्यांपैकी सर्वांत स्वस्त.

उजेडाची कथा थोडक्यात सांगतो, कारण तीत आमची शोभाच आहे. ट्रॅक्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून दिवा घेतला, मग मोबाईल चार्ज करायला बोर्ड बसवला, आणि अंबडच्या पुढे एका पहाटे ट्रॅक्टर गप्प. रात्रभर चौदा मोबाईल बॅटरी पीत बसले होते. टाळ खाली ठेवून सगळ्या दिंडीने धक्का मारला. त्यानंतर ट्रॉलीची बॅटरी वेगळी झाली. पुढच्या वारीला ताडपत्रीच्या आढ्यावर सोलरची एक छोटी पाटी आली, तिची दिशा दर मुक्कामी सूर्याकडे वळवण्याचं खातं पोरांकडे.

1885 साली इंग्लंडात ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याने डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या गृहस्थांसाठी ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बांधली. हे गृहस्थ आधी नौदलात डॉक्टर होते, पुढे मुलांसाठी साहसकथा लिहीत. केवळ हौसेने हिंडण्यासाठी मुद्दाम बांधलेलं पहिलं चाकांवरचं घर म्हणून ती गाडी ओळखली जाते. दोन घोडे ती ओढत आणि वाट मोकळी आहे का हे बघायला नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई. या सगळ्यात मला खरा जिव्हाळा वाटला तो एकाच गोष्टीचा: त्या गाडीत हार्मोनियम होती. आमच्याही ट्रॉलीत पेटी असते. ती खाली ठेवली की खड्ड्यांनी तिच्या सुरांची माती होते, म्हणून आढ्याच्या पाईपाला जुन्या लुगड्याची झोळी बांधून तीत ती टांगलेली. तान्हं लेकरू निजावं तशी पेटी झोळीत हेलकावत असते, आणि मोठ्या खड्ड्यावर कधीमधी भात्यात हवा जाऊन झोपेत बरळल्यासारखा एखादा सूर काढते.

आपल्या राज्यानेही 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्या गाड्यांतून पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर सगळं असतं. मला हेवा वाटतो तो न्हाणीघराचा.

कारण हा आमच्या ट्रॉलीच्या इतिहासातला लाजिरवाणा भाग आहे. पेटीला झोळी आधी मिळाली, मोबाईलला बोर्ड आधी मिळाला, आणि बायकांना आडोसा सगळ्यांत शेवटी. पुरुष हापश्यावर, विहिरीवर, जिथे पाणी दिसेल तिथे अंघोळ करून मोकळे. बाया पहाटे तीनला उठत. अंधार असेपर्यंत सगळं उरकायचं. संध्याकाळी पाणी कमी पीत, रात्री उठावं लागू नये म्हणून. भर चालीत, उन्हात, पाणी कमी! आम्हाला वाटे, बायकांना पहाटे उठायची आवड असते. भक्ती जास्त असते त्यांची, असंही कुणी म्हणे. मोठ्या पालख्यांच्या मार्गांवर निर्मल वारीची फिरती शौचालयं आली, तेव्हा आमच्या आडवाटेच्या दिंडीत त्याची नुसती बातमी पोचली. मग एका वर्षी गेवराईजवळ आत्याला उन्हाळी लागली. लघवीची आग सोसत ती दिवसभर ट्रॉलीत पोटाशी पाय घेऊन पडून होती. संध्याकाळी उठून बसली आणि नानांना म्हणाली, ‘‘दादा, पेटीला झोळी बांधली तुम्ही. आमाला दोन लुगड्याची भिंत बांधा.’’

नाना काही बोलले नाहीत. बीडला पोचल्यावर ते एका वेल्डिंगच्या दुकानासमोर ट्रॅक्टर लावून तीन तास बसले. ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्याला बिजागरीवर दोन पाईप बसले. वाटेत फाळक्याला मिटून बसतात, मुक्कामाला दारासारखे उघडतात. त्यावर जाड पडदा, खाली फळी, पाणी वाहून जायला चर. चार फुटांची ती खोली. त्या रात्री बाया पहिल्यांदा पाचपर्यंत झोपल्या आणि काकड्याला उशीर झाला म्हणून विणेकरीबुवा कुरकुरले. त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.

आता पायरीबद्दल.

ट्रॉलीचा तळ जमिनीपासून तीन-साडेतीन फूट. तरणा माणूस टायरवर पाय देऊन चढतो, त्याला ती उंची दिसतच नाही. आजीला मात्र दोघे वर ओढत आणि एक जण खालून ढकले. ‘‘पोतंच हाये मी,’’ ती हसून म्हणे, पण चढल्यावर बराच वेळ पदर सारखा करत बसे. तिच्यासाठी नानांनी फाळक्याला अडकवायची लोखंडी शिडी केली. सळईच्या पायऱ्या तळव्याला रुतल्या. मग सळयांवर फळ्या ठोकल्या. फळ्या पावसात निसरड्या झाल्या, तर त्यावर जुन्या टायरचं रबर मारलं. नाना दर मुक्कामी शिडीची नवी आवृत्ती काढत होते आणि आजी दर मुक्कामी पहिल्या पायरीवर पाय ठेवून थांबत होती.

शेवटी चौसाळ्याला ती म्हणाली, ‘‘पायरी बेस हाये रे. पर मला धरायला दे काईतरी.’’

आम्ही सगळे तिच्या पायांकडे बघत होतो. भीती तिच्या हातांत होती. दोन्ही हात हवेत असले की म्हाताऱ्या माणसाला पहिली पायरीसुद्धा कडा वाटते. फाळक्याच्या बाजूला उभा एक पाईप, कमरेपासून डोक्यापर्यंत, नटबोल्टने कसला. अर्ध्या तासाचं काम. आजीने तो धरला, एकदा हलवून बघितला, आणि कुणाच्याही मदतीशिवाय वर जाऊन बसली. बसली ती खालच्यांना म्हणाली, ‘‘या आता तुमी.’’

आजीच्या पश्चातही ट्रॉली जात राहिली. आषाढ झाला की नाना पाना घेऊन बसत आणि एकेक वस्तू उतरवत. पडद्याचे पाईप, बोर्ड, तोटीचा कॅन, शिडी, सगळं गोठ्यात टांगलं जाई आणि ट्रॉली पुन्हा शेणखताला मोकळी होई. मग एका वर्षी ऐन काढणीत पावसाने सोयाबीन कुजवलं, कापूस काळा पडला. हप्ते थकले. दिवाळीनंतर ट्रॅक्टर-ट्रॉली एका मुकादमाच्या टोळीला ऊसवाहतुकीसाठी लावायची ठरली.

टोळी निघाली ती रात्रीची. दहा कोयते, म्हणजे दहा जोडपी, त्यांची लेकरं, कोंबड्या, भांडी, कोपीचे बांबू, एक शेळी. आमच्याच ट्रॉलीत. खाली ना पोती, ना वाकळ, नुसता पत्रा. मी बॅटरी धरून उभा होतो. नाना फाळक्याशी पाना लावून उभा पाईप सोडवत होते, कारण ऊस भरताना तो अडणार होता. तेवढ्यात एक बाई आली. पोटाशी तान्हं, डोक्यावर गाठोडं, दिवस पुन्हा भरत आलेले. तिने एका हाताने गाठोडं सावरलं आणि दुसरा हात सहज, न बघता, त्या पाईपाला घातला.

नाना बाजूला झाले. ती वर गेल्यावर त्यांनी गोठ्यातून शिडी आणून फाळक्याला अडकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘नट गंजलाय. निघत न्हाई.’’

नट गंजला नव्हता. बॅटरी माझ्या हातात होती.

पडदा त्यांनी दिला नाही, वाकळाही नाही. मलाही ते तेव्हा सुचलं नाही. वीस दिवसांच्या वाटेसाठी जे आम्ही वर्षानुवर्षं जमवलं होतं, ते पाच महिन्यांच्या वाटेला जाणाऱ्यांना लागेल, हे ट्रॉली पुलापलीकडे गेल्यावर, तिची लाल रेडियमं दिसेनाशी झाल्यावर डोक्यात आलं.

चैत्रात ती परत आली. एक फाळका वाकलेला, पत्र्याला चिपाडांचा आंबूस वास. शिडीची मधली फळी गेली होती. उभ्या पाईपाचा हिरवा रंग वरखाली तसाच होता; मधे मात्र, हात पोचतो तेवढ्या टीचभर जागेत, रंग उडून लोखंड चकचकीत झालं होतं.